चिंचेवरची लाल खूण

अगं, जवळ ये बाई. तिकडे उंबऱ्यात बसून मान डोलावतेस आणि मग म्हणतेस, आजीनं नीट सांगितलंच नाही! हं, ऐक आता.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही धुळ्याकडची माणसं, आधी शहरात कतारगामला राहायचो. तिथं एकदा पालिकेनं दारादारावर लाल खुणा केल्या, आणि पाठोपाठ झोपड्या पाडल्या. मग शहराबाहेर इच्छापोरला आलो, कारखान्यांच्या बांधकामावर.

झोपड्यांमागे उंच चिंच होती. तिच्यावर गिधाडांचं घरटं, त्यात एक पिल्लू. पलीकडे मेलेली ढोरं टाकायचे ना, म्हणून ती तिथं.

बडोद्याची एक शिकलेली पोरगी यायची. गिधाडांना राहण्याजोगी जागा कुठं उरलीय, उंच झाडं कुठं, ढोरं कुठं टाकतात, सगळं नकाशावर मांडायची. म्हणायची, "मासी, गिधाडं संपत चाललीत."

मी म्हणायची, "लग्नाच्या वयात गिधाडांमागं काय फिरतेस?"

"नवऱ्यापेक्षा घरटं लवकर सापडतं, मासी!"

एक दिवस तिनं चिंचेच्या बुंध्यावर लाल रंगाचा गोल काढला. पुढच्या वेळी झाड ओळखू यावं, एवढंच. आणि गेली.

संध्याकाळी माझा दीर कामावरून आला, खूण बघून थबकला. "वहिनी, हाई काय शे?"

"गिधाडांसाठी आहे रे, भाऊ."

"कतारगामले बी आसंच गोड बोलेल व्हतात. गिधाडंसले जागा देतीन आन् आपले काढतीन!"

झाडच नसलं तर खूण कुठली, आणि खूण नसली तर पाडायला कोण येतंय? दिराचं हे म्हणणं सगळ्यांना पटलं. सकाळी कुऱ्हाडी निघाल्या. मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. "अरे, पिल्लू उडू तरी द्या!" तुझ्या आजोबांनीच दंडाला धरून मला बाजूला केलं.

चिंच पडली. पिल्लाला पुरते पंखही फुटले नव्हते. मान मोडून धुळीत पडलं होतं. आईबाप कितीतरी दिवस त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालायचे.

पोरगी आली तेव्हा बायका आत गेल्या. तिनं कुणाला बोल लावला नाही. ओट्यावर बसून खोडरबरानं नकाशावरचा आमच्या चिंचेचा गोल पुसला. "मासी, या अंगाला एवढं एकच घरटं होतं." चहा तसाच राहिला. पुन्हा काही ती आली नाही.

तू विचारलंस, गिधाड कसं असतं. दाखवू कुठून, बाई? त्या चिंचेची जागा तेवढी ठाऊक आहे. उद्या तू निघशील. माझे गुडघे चालताहेत तोवर परत ये, नेते तुला. लवकर ये हं.