पाल

आज दूध करपलं आणि त्या वासाबरोबर भुसावळची रेल्वेची चाळ आठवली. शेजारी मद्रासकडचा एक फायरमन राहायचा. त्याच्या बायकोला, मीनाक्षीला, मराठी येत नव्हतं. तान्ह्या मुलासाठी ती रोज सकाळी लोटी घेऊन यायची आणि म्हणायची, "पाल." पहिल्या दिवशी मी दचकून भिंतीकडे पाहिलं. मग तिनं आमच्या म्हशीकडे बोट दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिच्या भाषेत पाल म्हणजे दूध, हे मला तेव्हापासून पक्कं माहीत होतं.

तापाच्या साथीत एकदा ती दिवेलागणीनंतर आली. तिचं अंगावरचं दूध आटलेलं, कडेवरचं मूल रडून रडून थकलेलं. "पाल, अक्का," ती म्हणाली.

आतून माझ्या शिरपूरकडच्या सासूबाई ओरडल्या, "दिवा लागना! आते दूध देवानं नई वं, म्हैस आटी जाई."

दिवे लागल्यावर दूध बाहेर दिलं की म्हैस आटते, असं त्या मानायच्या. दूध चुलीवरच होतं. मी भिंतीकडे बोट केलं नि म्हटलं, "ती बघ तुझी पाल. घेऊन जा." सासूबाई खदखदून हसल्या. मीनाक्षीनं भिंतीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि रिकामी लोटी घेऊन ती गेली.

त्याच आठवड्यात मूल गेलं. साथीनं गेलं, असं सगळे म्हणाले. सासूबाईंच्या धाकानं मी दूध दिलं नाही, असं आजवर स्वतःला सांगत आले. पण त्या संध्याकाळी मला धाक वाटलाच नव्हता. लग्नानंतर सासूबाई माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच हसल्या होत्या, आणि मला फार बरं वाटलं होतं.