बिनतेलाची मेंढी

ओढ्याकाठच्या त्या मेंढपाळाला मी मामा म्हणायचो. बोलताना ते माझ्याकडे कधीच पाहत नसत. आधी स्वतःचा तळहात हुंगायचे, मग मेंढीकडे बघत "बराबर" म्हणायचे.

पाऊस सरला की अंबडकडच्या मेंढ्यांत जीभ निळी पडण्याचा रोग यायचा. तो पसरवणारी चिलटं इतकी बारीक, की थवा धुरासारखा दिसे. करंज-निरगुडीच्या तेलानं ती दूर राहतात का, हे मी, जनावरांचा डॉक्टर, मामांच्या दोन मेंढ्यांवर पाहत होतो. एकीला तेल लावायचं, दुसरीला नाही, आणि दिवेलागणीला चिलटं कुणावर जास्त बसतात ते बघायचं.

पण बिनतेलाच्या मेंढीवरही ती फारशी दिसेनात. मला काही उमगेना.

एका संध्याकाळी तेलाची बाटली भरून घेऊन मी लवकर गेलो. पाणी, गवत, लोकर, सगळं एकाच पिवळट उजेडात तरंगत होतं. मामा सदरा काढून त्या मेंढीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, पाठ चिलटांनी काळी झालेली.

"मामा, हे काय?"

"तिला तेल लावू नका म्हणल्ते तुम्ही. न्हाई लावलं. मंग तुम्ही येईस्तोवर मीच बसून राह्यलो रोज. माणसाला होत न्हाई ना तो रोग?"

"नाही."

"बराबर."

प्रयोग पुरता वाया गेला होता. रागवायचं म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. मामांनी हवा हुंगली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"जरा लांब बसा, साहेब. तुमच्या हाताला तेलाचा वास हाये. माझ्यावरची उठून तिच्यावर जातील."