घळीत लपवलेली गाडी

मी सून म्हणून इनामगावात आले तेव्हा आमची वडापची, म्हणजे भाड्यानं गावोगावची माणसं नेणारी जीप होती. हप्ता थकला म्हणून एकदा दोघं जण ती ओढून न्यायला आले. मी लेकराला घेऊन जीपमध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, "न्या की, मलाबी न्या." ते चहा पिऊन, आठ दिवसांची मुदत देऊन गेले. पुढं प्रत्येक लग्नाच्या मांडवात मी हे रंगवून सांगितलं. काय तो माझा ठसका! त्यातला एक जण राहू गावचा, म्हणजे माझ्या माहेरचा होता, आणि माहेरच्या लेकीला हाताला धरून उतरवायची त्याला लाज वाटली, एवढं मात्र मी गाळायची.

त्या आगाऊ पोरीचं डोकं माझ्या धडावर अजून तसंच आहे, हे यंदा कळलं.

मुलानं कर्जावर गाडी घेतली होती. गावोगावचे कामगार सकाळी एमआयडीसीत सोडायचे, संध्याकाळी आणायचे. घर त्यावरच चालायचं. फायनान्सवाल्यांनी गाडीत एक डबी बसवलेली. हप्ता चुकला की त्यांनी ऑफिसात बसून बटण दाबायचं आणि गाडी जागेवर बंद. नात म्हणाली, "आज्जी, आता बिनड्रायव्हरच्या गाड्या येणारेत. हप्ता थकला की आपल्या आपण निघून जातील."

"आपली बरी म्हणायची मग," मी म्हटलं, "नुसती रुसून बसती."

ठेकेदारानं पैसे अडकवले आणि हप्ता चुकला. सोमवारी गाडी बंद करू, असा मेसेज आला. मुलगा जेवेना. मी म्हटलं, "आरं, नदीकडच्या घळीत फोन लागतो का? मग डबीला तरी कुठनं लागंल? पैसं येस्तोवर तिथं ठिव."

"आये, तू वकील व्हायला पायजे हुतीस," तो म्हणाला आणि हसला. रविवारी गाडी घळीत लावली, वर ताडपत्री टाकली. कामगारांची सोय म्हणून दोस्ताची गाडी लावून दिली.

गुरुवारी ठेकेदाराचे पैसे आले. मुलानं त्याच मिनिटाला हप्ता भरला, घळीत गेला, चावी फिरवली. काहीच नाही. डबीला तीन दिवस रेंज मिळाली नाही की ती स्वतःच गाडी बंद करते, हे आम्हाला कोण सांगणार? आणि गाडी परत चालू करायचा मेसेज घळीत पोचेना. मग शेजारच्यांचा ट्रॅक्टर लावून आम्हीच ती रस्त्यावर ओढून काढली. रेंज आली. मुलाचा फोन वाजला, फायनान्सचा मेसेज. गाडी लपवली म्हणून सगळं कर्ज एकदम भरा, नाहीतर गाडी जमा होईल.

मेसेजमधल्या नंबरावर मुलानं फोन केला. एक दाबा, दोन दाबा. मी फोन घेतला. "बाई, जेवलीस का गं?" ती म्हणाली, तीन दाबा. माहेर विचारायची सोयच नव्हती.

तासाभरात क्रेन आली. जागा डबीनंच कळवलेली. मी गाडीत जाऊन बसले, हातातली पिशवी मांडीवर घेऊन. क्रेनवाला उत्तरेकडचा, शांत माणूस. "अम्माजी, बैठना है तो बैठिए. मेरे को तो भांडगाव के यार्ड में छोडना है." त्यानं साखळी अडकवली. गाडीचं तोंड वर उचललं गेलं, मी मागच्या सीटला टेकले. लोक मोबाईल काढून उभे.

"आये, उतर," मुलगा खाली बघत म्हणाला. "उतर गं."

उतरले.

कामगारांना दोस्ताचीच गाडी पसंत पडली. ठेकेदारानं ती कायम केली. आता सकाळी ती आमच्या दारात हॉर्न वाजवते आणि मुलगा डबा घेऊन मागच्या सीटवर बसतो. ज्या कंपनीत कामगार सोडायचा, तिथंच माल उचलायला जातो. गाडीत त्याच्या शेजारी बसणारा सांगतो, वाटभर बोलत नाही. फक्त ओढ्याजवळ आलं की पुढं वाकून म्हणतो, "डावीकडनं घ्या, खड्डा हाय."