आवाज नसलेली गाडी

ह्यांनी आमच्या जुन्या गाडीचं पेट्रोलचं इंजिन काढून तिथे मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या, तेही घरच्या अंगणात, चार महिने खपून. काढलेलं इंजिन तुळशीजवळ गोणपाटाखाली आहे. दसऱ्याला ह्यांनी त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं.

त्या इंजिनाचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू यायचा. तो आला की मी चहाचं आधण ठेवायचे, केस सारखे करायचे. सगळ्याच घरांत असं असेल. जिन्यात चप्पल वाजते, फाटक करकरतं, आणि आतलं माणूस स्वतःला आवरून घेतं.

काल ओट्याशी मेथी निवडत होते. सहज मागे वळले, तर हे दारात उभे. गाडी आलेली कळलीच नव्हती.

"अहो, हाक तरी मारायची," मी म्हटलं. "थांबा, चहा टाकते."

"राहू दे. तू गात होतीस," हे म्हणाले. मग जरा थांबून, "तू गातेस?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी गात आलेय, कोपऱ्यावर गाडीचा आवाज येईपर्यंत.