पाणी पिणाऱ्या वाघाचे कान

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगते. दुबईत अल क्वोजला प्रदर्शनं भरतात त्या गोदामात चित्रं उघडणाऱ्या, टांगणाऱ्या, परत बांधून ठेवणाऱ्या आमच्या दादांवर. कधी? गेल्या गुरुवारी, संध्याकाळी सातला पाच कमी असताना. आणि त्यात माझाही हात आहे.

कॉलेजात मोर्च्यांची पत्रकं लिहून मी लिहायला शिकले. आता जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून प्रदर्शनांची माहितीपत्रकं लिहिते. या वेळी जपानी चित्रं होती, रेशमावरची, गुंडाळून ठेवायची. त्यात एक वाघ, ओढ्यावर पाणी पिणारा. जपानात वाघ नसतो. तिथले जुने चित्रकार बाहेरून आलेली कातडी आणि घरातली मांजरं बघून वाघ काढायचे, हे मी वाचलं होतं. झालं, पत्रकात झोडपलं मी: 'न पाहिलेल्या वाघाची मांजर झाली.'

छपाईआधी गोदामात गेले तेव्हा दादा तेच चित्र टांगत होते. घड्याळ, अंगठी काढून ठेवलेली, हात धुऊन कोरडे केलेले. वरचा दोरा बांबूच्या काठीने हुकात अडकवला आणि खालची दांडी तळव्यांवर घेऊन त्यांनी चित्र हळूहळू खाली सोडलं. आधी बांबूची पानं आली, मग पाठ, मग खांदे, शेवटी पाण्याला टेकलेलं तोंड.

"मांजर आहे ना?" मी हसले.

"डोळे मांजराचेच हाये जी, ताई." दादा चंद्रपूरकडचे, जंगलाला लागून असलेल्या गावातले. "पण खांदे बघा, डोक्याच्या वर आले. मोहफुलं वेचताना नाल्यावर अस्साच पाह्यला होता मी. आन् कान बघा, मागं वळवले. पाणी पिताना वाघालाबी पाठीची भीती असते."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करतो? टोपली टाकून पळालो. बायको अजून मागते ती टोपली!"

मी पुन्हा पाहिलं. कातड्यात खांद्याची हाडं नसतात. कातडं कान वळवत नाही. ज्याने वाघ कधी पाहिला नाही त्याने ही भीती कुठून आणली? मांजरीला पाणी पिताना किती वेळ बघत बसला असेल तो! माझं वाक्य मी खोडलं आणि दादांचं, पाठीच्या भीतीचं, छापलं. खाली मात्र लिहिलं, 'जाणकारांच्या मते'. ही माझी चोरी.

दादांनी एकच मागितलं होतं. "उद्घाटनाला मीबी येतो, ताई. टांगताना चित्र नाकाला लागते. लांबून कधी दिसतच नाही."

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या तसा मॅनेजर धावला. "यल्ला भाई, पीछे से निकलो. तुम्हारा काम खलास." दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता, आणि तोंड बंद. ते मागच्या दाराने गेले. आत एक बाई ते वाक्य मोठ्याने वाचून म्हणाल्या, "काय ऑब्झर्वेशन आहे!"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरशी भांडले. "पॉलिसी आहे," एवढंच उत्तर मिळालं.

येत्या रविवारी संध्याकाळी दादाच तो वाघ गुंडाळणार आहेत. त्याआधी गोदामात या. दाराशी पत्रक घ्या, त्या वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे सांगणारा माणूस कुठे आहे? त्यांना समोरच्या दाराने आत आणून वाघापासून दहा पावलांवर उभं करेपर्यंत जागचे हलू नका.