दोन बोटं लांब पडलेलं ग्राफिक्स कार्ड

मंडळी, आज गेमिंगसाठी तगडं ग्राफिक्स कार्ड घ्यायला बिदरला गेलतो. कॉम्प्युटरचं कॅबिनेट गाडीवर बांधून सोबतच नेलं.

दुकानदार अण्णांनी विचारलं, "आत जागा किती हाय?"

"दीड वीत."

"कामून, घोंगडं घ्यायलास व्हय?" म्हणत त्यांनी कार्ड लावून बघितलं. जागा दोन बोटं कमी पडली. "आतला पत्रा कापतो. तुझ्या बजेटात यापेक्षा भारी न्हाई."

त्याच पत्र्यावर शाळेत असताना मी अन् दोस्त शिवानं खिळ्यानं गेमचे गुण कोरलेत. मैलूरचं नेट कॅफे बंद झालं तेव्हा दोघांनी सायकलवर आणलेलं कॅबिनेट ते.

मी कमी ताकदीचं, आखूड कार्ड घेतलं. हैदराबादला शिवाला फोन केला. "येडा हायस का? कापायचं की!" मग हळूच, "पुढं कोण हाय रे?"

"तूच. तीन गुणांनी. ये की एकदा."

तुम्ही कापला असता का तो पत्रा?