दादांचं स्विस घड्याळ आणि आंघोळीचा टँकर

माझे वडील चांगले जिवंत असताना त्यांच्या शेवटच्या आंघोळीसाठी आख्खा टँकर भरून पाणी आलं होतं. त्याला कारण मी, आणि मी स्वित्झर्लंडहून आणलेलं एक घड्याळ.

स्वित्झर्लंड हे नाव वाचून कुणी दचकू नये. मी चौसाळ्याचाच. हायवेला माझं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसतात, माझा उठतो! विहिरी आटल्या की लोक बोअर पाडतात, पाणी लागलं नाही की दुसरं पाडतात, आणि दर खेपेला मोठ्या आशेनं पाइप माझ्याकडून नेतात. (पाणी लागण्याची हमी मी कधीच दिली नाही. पाइप फुटणार नाही, एवढीच दिली. आणि तो फुटलाही नाही. फुटायला आत काही असावं लागतं.)

शिवाय मी सहकारी दूध संघाचा संचालक. त्या साली संघाकडं दूध इतकं कमी येत होतं, की ऑफिसातला चहा झाल्यावर उरलं तर पुढं जायचं. जनावरं सगळी चारा छावणीत, आणि छावणीत उसाचं वाडं चघळून ती नुसती उभी. अशा वेळी भरपूर दूध देणाऱ्या गाई प्रत्यक्ष बघून याव्यात, असं संचालक मंडळानं एकमतानं ठरवलं. अभ्यास दौरा! चेअरमन म्हणाले, "गेल्याशिवाय कळनार कसं, आपलं कुठं चुकतंय?"

आपलं कुठं चुकतंय ते आम्हाला विमानतळाबाहेर पडल्या पडल्या कळलं. तिकडं पाऊस पडतो.

गाई बघितल्या. पोटापर्यंत हिरवं गवत, गळ्यात घंटा. तिथला माणूस दुधाचे आकडे सांगत होता आणि आमच्यातलं कुणीही ते ऐकत नव्हतं. आमचे सगळ्यात वयस्कर संचालक गंगाधरराव मटकन गवतात बसले. दोन्ही हातांनी गवत उपटून कोटाच्या खिशात कोंबायला लागले.

"गंगाधरराव, काय करताव?" मी विचारलं.

"आमच्या बैलांना दाखवितो. त्यांना वाटाया लागलंय, हिरवं काही नसतंयच म्हनून."

आम्ही हसलो. मग बघितलं तर म्हातारा रडत होता. त्यानंतर कुणी कुणाचा फोटो काढला नाही.

घड्याळ घ्यायचं माझ्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. शेवटच्या दिवशी मी काचेतून नुसतं बघत होतो. आतून सूटबूट घातलेल्या माणसानं दार उघडलं, मखमली खुर्चीवर बसवलं आणि थंड पाण्याचा ग्लास पुढं केला. काय पाणी होतं! मी ग्लास रिकामा केला, त्यानं भरला. पुन्हा रिकामा केला, त्यानं पुन्हा भरला. आमच्याकडं त्या दिवसांत सोयऱ्याच्या घरी गेलं तरी माणूस पाणी मागत नव्हता. आता परक्याचं एवढं पाणी पिऊन रिकाम्या हातानं कसं उठायचं? (किंमत मी इथं सांगत नाही. घरीसुद्धा अजून सांगितलेली नाही.)

पैसे दिल्यावर मी विचारलं, "बॅटरी किती दिवस?"

तो हसला. माझं मनगट धरून हात पुढंमागं हलवला आणि म्हणाला, "नो बॅटरी. यू मूव्ह, इट मूव्ह. यू स्टॉप, इट स्टॉप."

मी जे समजायचं ते समजलो.

घड्याळ मी माझ्यासाठी घेतलं होतं. पण घरी आलो तेव्हा अंगणात ही एवढी माणसं जमलेली. वडीलही छावणीतून दिवसापुरते आले होते. त्यांना सगळा गाव दादा म्हणायचा, आम्हीही दादाच म्हणायचो. बायकोनं, सुमननं, बॅग उघडली, डबी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगंबाई! दादांसाठी आणलं न्हव?"

दादांनी हात धोतराला पुसले. "मला?"

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं.

"तर! दुसऱ्या कुनासाठी?" मी म्हणालो. माझं डावं मनगट त्या क्षणी खरोखर दुखलं.

दादांच्या वाळक्या मनगटावर ते घड्याळ मी स्वतः बांधलं. हातचं गेलंच आहे, तर निदान बोलून घ्यावं म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "ह्याला सेल न्हाई, चावी न्हाई. ह्ये मानसावर चालतंय! मानूस जित्ता हाय तवर चालनार. मानूस थांबला की ह्ये थांबलं."

"आरं बाप रे!" सगळे म्हणाले. दादांनी घड्याळ कानाला लावलं. दुसऱ्या दिवसापासून हायवेच्या दोन्ही अंगाला हीच चर्चा. छावणीतही लोक सकाळी उठून दादांना राम राम घालायच्या आधी घड्याळाकडं बघायचे म्हणे.

छावणीत जनावराजवळ घरचं माणूस लागायचं. आमचे दोन बैल आणि एक गाय होती, आणि त्यांच्यापाशी दादाच राहायचे. "तू दुकान बघ, मी ह्यांना बघतो," म्हणाले. तट्ट्याची पडवी, वर ताडपत्री आणि त्याच्यावर वैशाखातलं ऊन. आदल्याच आठवड्यात तिथं एक म्हातारा ऊन लागून गेला होता. बसल्या जागी, दावं हातात धरून.

म्हणून त्या दिवशी यूनुस दुकानात आला तेव्हा मी त्याचं तोंड बघूनच उभा राहिलो. यूनुस म्हणजे संघाच्या दूधगाडीचा ड्रायव्हर. एरवी हॉर्न वाजवत येणारा माणूस, आज टोपी हातात घेऊन उभा.

"भास्करभाऊ, बसा जरा."

"काय झालं ते सांग."

"छावणीवरून आलो. गेटवरचा वॉचमन बोल्ला, दादांचं घड्याळ बंद पडलंय. भास्करभाऊला लवकर धाडून दे म्हनला."

माझ्या हातातला पाइप खाली पडला. "तू... तू जाऊन बघितलंस?"

"मेरी हिम्मत नै हुई भाऊ," यूनुस म्हणाला आणि टोपी तोंडाशी धरून रडायला लागला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गाडी काढून थेट छावणी गाठली असती. मी घरी गेलो! सुमनला सांगितलं. तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या बायका धावल्या. कुणीतरी बूथवरून आष्टीला आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे दादांची एकुलती बहीण. जीप करून ती आली, आणि तिचं रडणं हायवेच्या फाट्यापासून ऐकू येत होतं.

न रडणारं एकच माणूस होतं, आई. ती उंबऱ्याला टेकून बसली होती. दोघी म्हाताऱ्या तिचं कुंकू पुसायला पुढं झाल्या, तर तिनं त्यांचे हात धरले.

"मला बघू द्या आधी."

"अगं, घड्याळ बंद पडलंय."

"घड्याळासंगं मी लग्न लावलं न्हवतं," आई म्हणाली.

तेवढ्यात चेअरमन हार घेऊन हजर! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भास्करराव, कायबी लागलं तरी सांगा."

मी काय मागणार? घरात पिण्यापुरतं पाणी होतं. अंगणात एवढी माणसं, आणि दादांना शेवटची आंघोळ घालायची. मी म्हणालो, "पानी."

चेअरमननी मोबाईल काढला. (तेव्हा गावात मोबाईल त्यांच्या एकट्याकडंच होता. त्याला रेंज यावी म्हणून ते आमच्या ओसरीच्या कठड्यावर चढले.) टँकर हायवेपलीकडच्या वस्तीवर निघाला होता. तो त्यांनी वळवला; गावचे टँकर त्यांच्याच शब्दावर चालायचे. वस्तीवरच्या बायका घागरी लावून बसलेल्या. टँकर त्यांच्यासमोरून आमच्या दाराकडं वळताना मी पाहिला. एकीनं ओरडून विचारलं, "कोन गेलं?" कुणीतरी सांगितलं. ती रिकामी घागर उचलून चालायला लागली, आणि तिच्या मागं बाकीच्या.

दादांना आणायला आम्ही छावणीकडं निघालो. टेम्पोत आई, आत्या, शेजारच्या बायका. मागं चेअरमनची जीप. आणि त्यामागं टँकर! त्याला बोलावलं कुणी नव्हतं. पण सगळे निघाले म्हणून ड्रायव्हरनंही गिअर टाकला. सुमन तेवढी घरी थांबली, पुढची तयारी करायला.

छावणीच्या गेटातच बायकांनी सूर लावला. जनावरं बुजली. माणसं ताडपत्र्यांखालून बाहेर आली. आणि आमच्या बैलांच्या मधून, हातात ओलं फडकं घेऊन, दादा बाहेर आले.

आत्या टेम्पोतून उतरत होती. तिनं भावाला बघितलं, "अगं आई गं" म्हणाली आणि फळीवरून सरळ खाली!

पण दादांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. रडणाऱ्या बायका, हार घेतलेले चेअरमन, गांगरलेला मी! ते टेम्पोतलं एकेक तोंड बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सुमन कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

टेम्पोतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"सुमन गेली व्हय रं भास्करा!" दादांनी कपाळावर हात मारला आणि खालीच बसले. "लेकीवानी हुती रं! भाकर बांधून द्यायची रं मला!"

आणि इथं मी जे केलं त्याला तोड नाही. दादा गेले म्हणून सकाळपासून मी रडत होतो, आणि समोर दादा सुमनसाठी रडताना बघून मलाही वाटलं, की सुमन गेली! मीही दादांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "सुमे!" करून मी असा ओरडलो, की शेजारच्या दावणीची म्हैस खुंटा उपटून पळाली. यूनुसनं माझी कॉलर धरून मला मागं ओढलं.

"भाऊ, भाभी घरी हाय! तुमीच थांब म्हनलाव तिला!"

आई सावकाश टेम्पोतून उतरली. दादांजवळ गेली. त्यांच्या दंडाला हात लावला, मग छातीला लावला आणि तसाच ठेवला.

"तुमी हाव?"

"हाय की. कावून?"

आई तिथंच मातीत बसली आणि तेव्हा कुठं रडली.

दादांना सगळं सांगेपर्यंत माझा घसा कोरडा पडला. ते ऐकत होते. मग त्यांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढलं. "उनानं पट्टा पोळतोय म्हनून खुट्टीला अडकविलं हुतं. दुसऱ्या दिशी बघतो तर बंद. वॉचमनला म्हनलं, पोराला सांग."

मी घड्याळ हातात घेऊन हलवलं. टिकटिक सुरू.

"हलवाया लागतंय व्हय?" दादा म्हणाले. "मंग नीट सांगायचं न्हाई, बेकूब! गावभर काय दवंडी पिटलीस?"

मग त्यांचं लक्ष टँकरकडं गेलं. "ह्ये पानी कुनाचं?"

यूनुस हळूच म्हणाला, "तुमचंच हाय दादा. आंघोळीचं."

दादा टँकरभोवती फिरून आले. गळणाऱ्या तोटीखाली त्यांनी ओंजळ धरली, एक घोट प्यायले आणि चेअरमनकडं वळले. "मेल्यावर आख्खा टँकर देताव? जित्त्या मानसाला मातर दोन घागरीसाठी दिसभर बसविताव?"

चेअरमन हाराकडं बघत उभे राहिले. हार कुठं ठेवावा हे त्यांना समजेना. तेवढ्यात आमच्या ढवळ्या बैलानं मान लांब करून त्यांच्या हातातला हार ओढला आणि दोऱ्यासकट खाऊन टाकला. कित्येक महिन्यांत त्या जनावराला ताजं असं काही मिळालं नव्हतं. त्याला कुणीही हटकलं नाही.

दादांनी छावणीतल्या जनावरांना बादली बादली पाणी पाजलं आणि उरलेला टँकर वस्तीवर धाडला. यूनुस सोबत गेला. तिकडच्या बायकांनी विचारलं म्हणे, की म्हातारबाबाची आंघोळ झाली का?

लोक ह्या गोष्टीला अजून हसतात. मीही हसतो. पण पुढच्याच पंधरवड्यात आमची गाय छावणीत मेली. दादा तिच्या तोंडाला ओलं फडकं लावत बसले होते. तिच्यासाठी हायवेवरून कुठला टँकर वळला नाही. त्या दिवशी दादांनी घड्याळ मला परत दिलं. म्हणाले, "तूच वापर. मला हिथं वेळ बघून करायचं काय?"

पुढं पावसाची सालं आली. पुढं दादाही गेले, आणि या वेळी खरंच गेले. घरात, अंथरुणावर, आईच्या हातचा चहा पिऊन. मी आष्टीला आत्याला फोन केला.

"आत्या, दादा गेले."

आत्या म्हणाली, "तू ठिव. दादाला दे फोनवर."

"आत्या, दादा कसे येतील फोनवर?"

"मंग वहिनीला दे. तुझ्या सांगन्यावर मी एकदा टेम्पोतून पडलेली हाय."

आईनं सांगितलं तेव्हा आत्या निघाली. आल्या आल्या ती सरळ दादांपाशी गेली, त्यांच्या नाकाशी उलटा हात धरून कितीतरी वेळ बसली. मग वर बघून, डोळ्यांत पाणी आणून, चारचौघांत मला म्हणाली, "ह्या बारीला खरं बोललास की रं भास्करा!"

आणि मगच तिनं गळा काढला. माझ्या खरेपणाचं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं, आणि नंतर तर सोडाच!